स्टारशिप ट्रूपर्स २: हिरो ऑफ द फेडरेशन

स्टारशिप ट्रूपर्स २: हिरो ऑफ द फेडरेशन हा इ.स. २००४ मधील एक अमेरिकन विज्ञानकथाधारित मारधाडपट आहे. पॉल व्हरहोव्हेन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९९७) या चित्रपटाचा हा पुढील भाग होय. याचे दिग्दर्शन फिल टिपेट यांनी केले असून पटकथा एड न्यूमायर यांची आहे. निर्माते जॉन डेव्हिसन हे होत. व्हरहोव्हेन यांचा या भागाशी संबंध नव्हता.

पहिला चित्रपट सुमारे १० कोटी ५० लाख डॉलर खर्चून मोठ्या पडद्यासाठी निर्माण झाला होता. दुसरा भाग सुमारे ७० लाख डॉलरमध्ये, म्हणजे पहिल्याच्या जवळपास पंधराव्या हिश्श्यात तयार झाला. तो अमेरिकेतील चित्रपटगृहांत प्रदर्शित न होता एप्रिल २००४ मध्ये एन्कोअर ॲक्शन या दूरचित्रवाणी वाहिनीवर दाखविण्यात आला आणि १ जून २००४ रोजी डीव्हीडीच्या स्वरूपात बाजारात आला. एखाद्या खर्चिक चित्रपटाचे नाव घेऊन थेट घरगुती बाजारासाठी अल्पखर्ची उत्तरभाग काढण्याच्या तत्कालीन पद्धतीचे हे एक ठळक उदाहरण मानता येते. खर्चाच्या या मर्यादेमुळे चित्रपटाचा केवळ आकार लहान झाला नाही, तर त्याची कथा, मांडणी आणि आशय यांचीही दिशा बदलली.

पार्श्वभूमी

*मूळ कादंबरी*

अमेरिकन लेखक रॉबर्ट ए. हाइनलाइन (१९०७–१९८८) यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. भविष्यकाळातील मानवजात एका संघराज्याखाली एकवटली आहे, मतदानाचा अधिकार केवळ स्वेच्छेने सेवा बजावलेल्यांनाच आहे, आणि मानवाचे परग्रहावरील कीटकसदृश प्राण्यांशी युद्ध सुरू आहे, अशी तिची चौकट आहे. नागरिकत्व आणि लष्करी कर्तव्य यांविषयी कादंबरीने मांडलेल्या विचारांवर प्रकाशनापासून आजतागायत वाद होत आला आहे.

या कादंबरीचे पहिले पडदारूपही घरगुती बाजारासाठीच निघाले होते. १९८८ मध्ये जपानमधील सनराइज या संस्थेने तिच्यावर आधारित सहा भागांची ॲनिमेशन मालिका काढली. ती दूरचित्रवाणीसाठी अथवा चित्रपटगृहांसाठी नव्हे, तर थेट व्हिडिओवर विकण्यासाठी तयार करण्यात आली होती.

*१९९७ चा चित्रपट*

व्हरहोव्हेन, न्यूमायर आणि डेव्हिसन या तिघांनी 'रोबोकॉप' (१९८७) या चित्रपटासाठी एकत्र काम केले होते. 'स्टारशिप ट्रूपर्स'मध्ये त्यांनी हाइनलाइन यांची कथा घेतली, पण तिच्याकडे उपरोधाने पाहिले. व्हरहोव्हेन यांचा जन्म १९३८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झाला आणि त्यांचे बालपण नाझी अमलाखालील हेग शहरात गेले. चित्रपटातील देखणे तरुण सैनिक, भव्य संचलने आणि मधूनमधून येणाऱ्या सरकारी वार्तापत्रांची रचना त्यांनी युद्धकालीन प्रचारपटांच्या धर्तीवर केली. हा उपरोध सर्वांच्या ध्यानी आला नाही. ज्या वृत्तीची चित्रपटाने थट्टा केली होती, तिचाच पुरस्कार तो करतो, असा आक्षेप काही समीक्षकांनी त्या वेळी घेतला.

चित्रपटाने जगभरात सुमारे १२ कोटी १० लाख डॉलरचे उत्पन्न मिळवले. हा आकडा निर्मितीखर्चापेक्षा मोठा दिसत असला, तरी तिकीट खिडकीवरील रकमेचा मोठा हिस्सा चित्रपटगृहांच्या मालकांकडे जातो आणि जाहिरातीचा व प्रतींचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. त्यामुळे हा व्यवहार निर्मात्यांच्या अपेक्षेला उतरला नाही आणि तितक्याच खर्चाचा दुसरा भाग निघणे अवघड झाले. मात्र चित्रपटाचे नाव लोकांच्या लक्षात राहिले होते. १९९९ मध्ये 'रफनेक्स: स्टारशिप ट्रूपर्स क्रॉनिकल्स' ही संगणकनिर्मित ॲनिमेशन मालिका दूरचित्रवाणीवर आली. चित्रपटगृहात पुरेसे न चाललेले, परंतु परिचित झालेले असे हे नाव डीव्हीडीच्या बाजारासाठी सोयीचे होते.

थेट होम व्हिडिओची पद्धत

चित्रपट चित्रपटगृहात न दाखवता प्रथमच कॅसेट अथवा डीव्हीडीच्या रूपाने विक्रीस वा भाड्याने देण्यास 'थेट होम व्हिडिओ प्रदर्शन' म्हणतात. अमेरिकेत १९८० च्या दशकात व्हीएचएस कॅसेटची दुकाने गल्लोगल्ली निघाली, तेव्हा ही पद्धत रुजली. आरंभी तिच्याकडे कमी प्रतीच्या चित्रपटांची वाट म्हणून पाहिले जाई. १९९४ मध्ये डिस्नेने 'अलादीन'चा पुढील भाग 'द रिटर्न ऑफ जाफर' थेट कॅसेटवर आणला आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. त्यानंतर मोठ्या चित्रसंस्थांचे या बाजाराकडे गांभीर्याने लक्ष गेले. १९९६ मध्ये युनिव्हर्सलने 'ट्रेमर्स' या राक्षसपटाचा दुसरा भागही याच मार्गाने काढला.

डीव्हीडीच्या आगमनाने या पद्धतीला गती मिळाली. अमेरिकेत डीव्हीडी १९९७ मध्ये विक्रीस आली. २००३ मध्ये तेथील भाड्याच्या व्यवहारात डीव्हीडीने प्रथमच व्हीएचएस कॅसेटला मागे टाकले. त्याच सुमारास ब्लॉकबस्टर या भाडेदुकानांच्या साखळीचा पसारा सर्वोच्च बिंदूस पोहोचत होता. प्रस्तुत चित्रपट नेमका या भरभराटीच्या काळात बाजारात आला.

चित्रसंस्थेच्या दृष्टीने यात तीन लाभ होते.

* वितरणखर्चात बचत: त्या काळी चित्रपटगृहांसाठी ३५ मिलिमीटर फिल्मच्या शेकडो वा हजारो प्रती काढाव्या लागत. त्या तुलनेत डीव्हीडीची तबकडी अत्यंत स्वस्त पडे.
* जाहिरातीत बचत: मूळ चित्रपटाचे नाव ग्राहकाला आधीच ठाऊक असल्याने ओळख करून देण्याचे निम्मे काम वेष्टनावरील शीर्षकच करीत असे.
* जुन्या चित्रपटाची पुनर्विक्री: दुसरा भाग निघाला की पहिल्या भागाच्या डीव्हीडीलाही पुन्हा मागणी येई आणि दोन्ही एकत्र विकता येत.

या सोयींची एक किंमत होती. प्रेक्षक तबकडी घरी नेतो ती वेष्टनावरील नावाच्या भरवशावर. आतला चित्रपट त्या नावाला जागतो की नाही, हे त्याला नंतर कळते. मूळ कलाकार नसलेले, मूळ दिग्दर्शक नसलेले आणि केवळ शीर्षक सारखे असलेले अनेक उत्तरभाग या काळात निघाले, आणि त्यामुळे 'थेट डीव्हीडी' हा शब्दप्रयोग बऱ्याच प्रेक्षकांच्या तोंडी तुच्छतादर्शक ठरला. या चित्रपटाच्या बाबतीत वेगळेपण इतकेच, की यातील प्रमुख कलाकार नवे असले, तरी पटकथाकार, निर्माता आणि दिग्दर्शकपदी आलेले टिपेट हे तिघेही पहिल्या चित्रपटाच्या घडणीत सहभागी होते.

कथानक

*(या विभागात चित्रपटाच्या शेवटाचा उलगडा केला आहे.)*

चित्रपटाचा आरंभ पहिल्या भागाप्रमाणेच संघराज्याच्या प्रचारकी वार्तापत्राने होतो. युद्ध चालूच आहे. एका निर्जन ग्रहावर संघराज्याची तुकडी कीटकांच्या प्रचंड सैन्याने वेढली जाते. जनरल जॅक शेपर्ड काही सैनिकांसह मागे राहून शत्रूला थोपवतात आणि उरलेले सैनिक लेफ्टनंट पावलोव्ह डिल व सार्जंट डीडी रेक यांच्यासह 'हॉटेल डेल्टा १-८-५' नावाच्या ओसाड ठाण्याचा आश्रय घेतात.

ठाण्यातील भट्टीत कॅप्टन व्ही. जे. डॅक्स हा अधिकारी कोंडलेला आढळतो. आपल्या वरिष्ठाचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. डिल त्याला कैदेतच ठेवू पाहतो. परंतु कीटक ठाण्यावर तुटून पडतात तेव्हा संरक्षक विद्युत्कुंपण सुरू होण्यास डॅक्सचेच साहाय्य उपयोगी पडते. अनुभवी पण कलंकित सैनिक आणि नियमांवर बोट ठेवणारा अननुभवी अधिकारी यांच्यातील ताण येथून वाढत जातो.

काही वेळाने जनरल शेपर्ड जिवंत परततात. त्यांच्यासोबत तीन अनोळखी सैनिक असतात. ते आल्यापासून ठाण्यातील वातावरण बदलू लागते. सैनिकांचे वर्तन विचित्र होते आणि शिस्त ढासळते. हे तिघे कीटकांच्या एका नव्या जातीने ग्रासलेले असतात. हा लहान कीटक तोंडावाटे शरीरात शिरून मेंदूचा ताबा घेतो. माणूस बाहेरून तोच दिसतो, पण त्याची इच्छाशक्ती शत्रूच्या हाती गेलेली असते. एकामागून एक सैनिक या संसर्गाला बळी पडतात.

ले साहारा या सैनिक तरुणीला पूर्वी अतींद्रिय ज्ञानाची शक्ती होती आणि ती पुढे मावळली होती. ती गरोदर असल्याने ही शक्ती पुन्हा जागी होते आणि तिला धोक्याची चाहूल लागते. डिलचा खून होतो आणि संशय डॅक्सवर येतो. अखेरीस साहारा व डॅक्स यांना शत्रूचा बेत उमगतो. स्वतः जनरल शेपर्ड संसर्गग्रस्त असून, सुटकेच्या यानातून परतल्यावर त्यांच्याद्वारे संघराज्याच्या सर्वोच्च नेतृत्वापर्यंत पोहोचण्याचा तो डाव असतो. डॅक्स जनरलला ठार करतो, साहाराला यानात चढवतो आणि स्वतः मागे राहून कीटकांशी लढतो.

शेवटच्या प्रसंगात पृथ्वीवर डॅक्सचा गौरव 'संघराज्याचा वीर' म्हणून होत असतो. जिवंतपणी ज्याला खुनी ठरवून कोंडले होते, त्याचीच प्रतिमा आता सैन्यभरतीच्या जाहिरातीत झळकते. तान्ह्या मुलाला घेऊन साहारा हे पाहत असते. त्या बालकाकडेही भरतीअधिकारी पुढचा सैनिक म्हणूनच पाहतो.

कलाकार

* रिचर्ड बर्गी – कॅप्टन व्ही. जे. डॅक्स
* कॉलीन पोर्च – प्रायव्हेट ले साहारा
* लॉरेन्स मोनोसन – लेफ्टनंट पावलोव्ह डिल
* एड लॉटर – जनरल जॅक शेपर्ड
* ब्रेंडा स्ट्राँग – सार्जंट डीडी रेक
* केली कार्लसन – प्रायव्हेट चार्ली सोडा
* जे. पी. मॅनू – तंत्रज्ञ सार्जंट ॲरी पेक
* एड क्विन – कॉर्पोरल जो ग्रिफ
* सँड्रिन होल्ट – प्रायव्हेट जिल सँडी
* ड्र्यू पॉवेल – प्रायव्हेट किपर टॉर
* ब्रायन टी – कॉर्पोरल थॉम कोबे

पहिल्या चित्रपटातील नायक-नायिकांपैकी कोणीही या भागात नाही. दोन्ही चित्रपटांत काम करणाऱ्या ब्रेंडा स्ट्राँग यांनी पहिल्या भागात कॅप्टन डेलाडियर ही भूमिका केली होती आणि त्या पात्राचा त्यातच मृत्यू झाला होता. दुसऱ्या भागात त्या सर्वस्वी निराळ्या पात्राच्या रूपात दिसतात. ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झालेल्या 'डेस्परेट हाउसवाइव्ह्ज' या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेत स्ट्राँग आणि बर्गी या दोघांच्याही भूमिका होत्या.

निर्मिती

*दिग्दर्शक*

फिल टिपेट यांनी चित्रपट दिग्दर्शित करण्याची ही पहिलीच वेळ होती. तत्पूर्वी दृश्यपरिणामांच्या क्षेत्रात त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. लहान पुतळे किंचित हलवून एकेक चौकट चित्रित करायची आणि त्यातून हालचालीचा भास निर्माण करायचा, या स्टॉप-मोशन तंत्रात ते निष्णात होते. 'स्टार वॉर्स' मालिकेतील अनेक प्राणी व यंत्रे, तसेच 'रोबोकॉप'मधील ईडी-२०९ हे यंत्र त्यांच्या कामाची परिचित उदाहरणे होत. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) आणि 'जुरासिक पार्क' (१९९३) या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाले.

'जुरासिक पार्क'च्या वेळी त्यांच्या कारकिर्दीने वळण घेतले. त्यातील डायनोसॉर आरंभी त्यांच्या जुन्या तंत्राने साकारायचे ठरले होते. पुढे संगणकनिर्मित चित्रे अधिक जिवंत वाटल्याने ती योजना मागे पडली. प्राण्यांच्या हालचालींचे टिपेट यांचे ज्ञान मात्र नव्या तंत्रालाही आवश्यक ठरले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील त्यांच्या टिपेट स्टुडिओने त्यानंतर संगणकीय ॲनिमेशन आत्मसात केले आणि १९९७ च्या 'स्टारशिप ट्रूपर्स'मधील कीटकांचे थवे त्यातूनच साकारले. त्या कामासाठी टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. त्या वर्षीचा पुरस्कार 'टायटॅनिक'कडे गेला.

*खर्चाची मर्यादा आणि कथेची रचना*

पहिल्या चित्रपटातील युद्धप्रसंग उघड्या माळरानावर, मोठ्या जनसमूहासह आणि असंख्य संगणकीय कीटकांसह चित्रित झाले होते. पंधराव्या हिश्श्याच्या खर्चात ते पुन्हा करणे शक्य नव्हते. न्यूमायर यांनी यावर काढलेला मार्ग पटकथेतच आहे. मोकळ्या रणांगणाऐवजी एक बंदिस्त ठाणे, सैन्याऐवजी मूठभर माणसे आणि दिवसाऐवजी रात्र अशी ही रचना आहे.

यातील सर्वांत महत्त्वाचा बदल शत्रूच्या स्वरूपात आहे. संगणकावर एक मोठा कीटक चालवायचा, तर त्याच्या प्रत्येक दृश्यासाठी वेळ व पैसा लागतो. माणसाच्या शरीरात दडलेला कीटक दाखवायला मात्र अभिनेत्याचा चेहरा पुरतो. परिणामी पहिल्या भागातील युद्धपट येथे भयपट झाला. वेढलेल्या जागेत अडकलेल्या माणसांना आपल्यातलाच कोण परका आहे हे न कळणे, ही कल्पना 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) आणि 'द थिंग' (१९८२) या चित्रपटांमुळे परिचित आहे. हाइनलाइन यांच्या 'द पपेट मास्टर्स' (१९५१) या दुसऱ्या एका कादंबरीतही परग्रहावरील परजीवी माणसांच्या शरीराचा ताबा घेतात. त्यामुळे या चित्रपटाचे शीर्षक हाइनलाइन यांच्या एका कादंबरीचे असले, तरी कथाबीज त्यांच्या दुसऱ्या कादंबरीशी अधिक मिळतेजुळते आहे.

*चित्रीकरण*

चित्रपट फिल्मऐवजी डिजिटल हाय-डेफिनिशन कॅमेऱ्यांवर, सेकंदाला २४ चौकटी या गतीने चित्रित करण्यात आला. जॉर्ज ल्यूकस यांनी 'स्टार वॉर्स' मालिकेच्या २००२ मधील भागासाठी ही पद्धत वापरल्यानंतर तिचा प्रसार होऊ लागला होता. ल्यूकस यांच्यासाठी ती प्रामुख्याने तांत्रिक प्रयोग होती, तर अल्पखर्ची निर्मात्यांच्या दृष्टीने ती बचतीची वाट होती. कच्च्या फिल्मचा आणि ती धुऊन घेण्याचा खर्च वाचे, चित्रित भाग तत्काळ पाहता येई आणि संगणकीय परिणामांसाठी फिल्मवरून चित्र उतरवून घेण्याची गरज उरत नसे. छायालेखन ख्रिस्तियान झेबाल्ट यांचे आहे.

चित्रीकरण मुख्यतः सेटवर झाले आणि ते महिन्याभरापेक्षा कमी अवधीत आटोपले. धूळ, धूर आणि काळोख यांचा वापर चित्रपटभर आढळतो. कथेला आवश्यक असलेली कोंदट भीती त्यामुळे साधते, शिवाय सेटच्या कडा आणि अपुरी पार्श्वभूमीही झाकली जाते. संगीत जॉन मॉर्गन आणि विल्यम स्ट्रॉमबर्ग यांचे आहे. हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांतील वाद्यवृंदसंगीताची पुनर्रचना करण्यासाठी ही जोडी ओळखली जाते.

प्रदर्शन

*दूरचित्रवाणी आणि डीव्हीडी*

एप्रिल २००४ मध्ये एन्कोअर ॲक्शन या सशुल्क वाहिनीवर चित्रपट प्रथम दाखविला गेला. त्यानंतर १ जून २००४ रोजी सोनीच्या कोलंबिया ट्रायस्टार होम एंटरटेनमेंट या शाखेने त्याची डीव्हीडी अमेरिकेत विक्रीस आणली. वाहिनीवरील प्रक्षेपणाने निर्मितीखर्चास हातभार लागतो आणि दुकानात तबकडी येण्यापूर्वी तिचा बोलबालाही होतो, असा हा दुहेरी उपयोग असे.

डीव्हीडीवर मुख्य चित्रपटासोबत निर्मितीविषयीचे लघुपट आणि दिग्दर्शक व सहकाऱ्यांचे ध्वनिभाष्य देण्यात आले होते. ध्वनिभाष्य म्हणजे चित्रपट सुरू असताना मूळ संवादांच्या जागी त्यावर बोलणाऱ्या निर्मात्यांचा आवाज ऐकण्याची सोय. कॅसेटवर अशी सोय नव्हती. अल्पखर्ची चित्रपटांच्या बाबतीत या पूरक सामग्रीला वेगळे मोल आहे. एखादा प्रसंग किती थोड्या साधनांत उभा केला, हे त्यातून निर्मात्यांच्याच तोंडून कळते आणि चित्रपटकलेच्या विद्यार्थ्याला ते उपयोगी पडते.

*विभागसंकेत*

डीव्हीडीच्या तबकड्यांवर जगातील विभागांनुसार सांकेतिक क्रमांक घातलेले असत. अमेरिका व कॅनडा पहिल्या विभागात, पश्चिम युरोप व जपान दुसऱ्या विभागात, तर भारत पाचव्या विभागात मोडतो. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागासाठी केलेल्या यंत्रावर चालत नाही. चित्रपट निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या वेळी प्रदर्शित करता यावेत, हा त्यामागील उद्देश होता. त्यामुळे अमेरिकेतून आणलेली या चित्रपटाची पहिल्या विभागातील डीव्हीडी भारतात पाहण्यासाठी सर्व विभागांच्या तबकड्या चालविणारे यंत्र आवश्यक होते.

*ब्लू-रे आवृत्ती*

फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी या स्पर्धक पद्धतीतून माघार घेतली आणि सोनीचा पाठिंबा असलेली ब्लू-रे तबकडी स्थिरावली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तिसऱ्या भागाच्या प्रकाशनासोबत तिन्ही चित्रपटांचा संच ब्लू-रेवर आला. अमेरिकन डीव्हीडीच्या चित्रात ४८० आडव्या रेषा असतात, ब्लू-रेच्या चित्रात १०८०. या चित्रपटाचे मूळ चित्रीकरणच हाय-डेफिनिशन पद्धतीने झाले असल्याने ब्लू-रे प्रत मूळ चित्राच्या बरीच जवळ जाते. काळोखातील बारकावे तीत अधिक स्पष्ट दिसतात. मात्र डीव्हीडीच्या धूसरतेत लपून राहिलेले सेटचे आणि संगणकीय चित्रांचे दोषही त्याच स्पष्टपणे उघडे पडतात.

आशय

पहिल्या चित्रपटातील उपरोध दृश्यांच्या भव्यतेवर आधारलेला होता. चकचकीत गणवेश, उजळ चेहरे आणि विजयाच्या घोषणा यांच्या आड चाललेला संहार प्रेक्षकाने ओळखावा, अशी त्याची अपेक्षा होती. दुसऱ्या भागात चकचकाटच परवडणारा नव्हता. येथील सैनिक थकलेले, चिखलाने माखलेले आणि गोंधळलेले आहेत. सरकारी वार्तापत्र केवळ आरंभी व शेवटी येते, आणि मधला सर्व चित्रपट त्या वार्तापत्राने न दाखविलेले सत्य दाखवतो.

शीर्षकाचा अर्थ या रचनेमुळेच उलगडतो. 'संघराज्याचा वीर' ही उपाधी डॅक्सने मागितलेली नाही. संघराज्याने ज्या सेनानीवर विश्वास ठेवला तोच शत्रूच्या ताब्यात होता, आणि ज्याला गुन्हेगार ठरवले त्यानेच सर्वांना वाचवले. मरणानंतर त्याचे मत, त्याचा राग आणि त्याचा गुन्हा पुसून टाकून केवळ नाव व चेहरा उरवला जातो, आणि तो भरतीच्या कामी लावला जातो. कीटक जिवंत माणसाचे शरीर वापरतात. संघराज्य मृत माणसाचे नाव वापरते. या दोन गोष्टींतील साम्य चित्रपट शब्दांत सांगत नाही. तो ती केवळ एकामागे एक ठेवतो.

प्रतिसाद

चित्रपटाला समीक्षकांकडून बहुतांशी प्रतिकूल प्रतिसाद मिळाला. पहिल्या भागाची भव्यता नसणे, जुन्या पात्रांचा अभाव, अतिरिक्त काळोख आणि ठरावीक साच्यातील पात्रे हे प्रमुख आक्षेप होते. पहिला चित्रपट आवडलेल्या प्रेक्षकांचाही अपेक्षाभंग झाला. मोकळ्या मैदानावरील युद्ध पाहण्याच्या इच्छेने तबकडी घेतलेल्यांच्या हाती एका ठाण्यातील भयकथा पडली होती.

हा आक्षेप चित्रपटापेक्षा त्याच्या विक्रीच्या रीतीला अधिक लागू पडतो. अन्य शीर्षकाखाली हाच चित्रपट आला असता, तर त्याची तुलना पंधरापट खर्चाच्या चित्रपटाशी झाली नसती. पण मग त्यासाठी पैसा उभा राहण्याचाही संभव कमी होता. ज्या नावामुळे तो निघाला, त्याच नावामुळे तो तोकडा ठरला. मोठ्या चित्रपटांच्या अल्पखर्ची उत्तरभागांपुढील ही सर्वसामान्य अडचण आहे. व्हरहोव्हेन यांच्याच 'हॉलो मॅन' (२०००) या चित्रपटाचा दुसरा भागही २००६ मध्ये याच पद्धतीने थेट डीव्हीडीवर आला.

पुढील भाग

* स्टारशिप ट्रूपर्स ३: मरॉडर (२००८) – दिग्दर्शन स्वतः न्यूमायर यांनी केले. पहिल्या भागाचा नायक कॅस्पर व्हॅन डिन जॉनी रिकोच्या भूमिकेत परतला. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत झाले. मूळ कादंबरीतील यांत्रिक चिलखताची कल्पना या चित्रपटमालिकेत येथे प्रथम पडद्यावर आली. अमेरिकेत हाही भाग थेट डीव्हीडी व ब्लू-रेवर प्रदर्शित झाला.
* स्टारशिप ट्रूपर्स: इन्व्हेजन (२०१२) – शिंजी आरामाकी दिग्दर्शित संगणकनिर्मित ॲनिमेशनपट.
* स्टारशिप ट्रूपर्स: ट्रेटर ऑफ मार्स (२०१७) – हाही ॲनिमेशनपट असून पटकथा न्यूमायर यांची आहे. व्हॅन डिन आणि डीना मायर यांनी पहिल्या चित्रपटातील आपल्या पात्रांना आवाज दिला.

१९९७ नंतरचे या मालिकेतील सर्व चित्रपट प्रामुख्याने घरगुती बाजारासाठीच निघाले. अमेरिकेतील डीव्हीडीची विक्री २००५-०६ च्या सुमारास शिखरास पोहोचली आणि पुढे इंटरनेटवरील प्रक्षेपणसेवांच्या वाढीबरोबर ती उतरणीस लागली. ब्लॉकबस्टरने २०१० मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. भाडेदुकानातील फळीवर परिचित नावाच्या बळावर खपणाऱ्या उत्तरभागांची जागाही त्यामुळे आकसली.

टिपेट यांनी दिग्दर्शित केलेला 'मॅड गॉड' हा स्टॉप-मोशन चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे काम त्यांनी सुमारे तीस वर्षांपूर्वी आरंभले होते आणि मध्यंतरी ते बराच काळ बाजूला ठेवले होते. 'स्टारशिप ट्रूपर्स २' महिन्याभराहून कमी काळात चित्रित झाला होता.